कॉलम कोरडा पडू द्यायचा नाही

नाही म्हटलं तरी तुम्ही सोडणार नाही. जेवण झालं की माणसानं अंथरुणात पडावं, तर तुम्हाला भुताची गोष्ट हवी. आणि ती सांगायची कुणी, तर मी. तुमच्या आजोबाला सांगा की, तो कॉलेजात गेलेला आहे. मी चौथीत शाळा सोडली आणि जन्मभर दुसऱ्यांच्या गाड्या चालवल्या. माझी पाठ दुखते. तो दिवा तरी बंद करा, डोळ्यांवर येतो. दार लोटून घ्या. पलीकडच्या खोलीत तुमची आत्या झोपली आहे, आणि गोष्ट तिची आहे.

मध्येच कुणी "मग काय झालं, मोठे आजोबा" असं विचारलं की मी उठून जाईन. एकदाच सांगतो.

यातलं मी डोळ्यांनी पाहिलं ते थोडं. बाकी तिनं मला सांगितलं, पहाटे गाडीत, एका सुरात, एसटीचं वेळापत्रक वाचावं तसं. ती खोटं बोलत नाही. लहानपणी बरणी फोडली तर तुकडे ओंजळीत घेऊन स्वतः दाखवायला यायची.

गेल्या वर्षीची थंडी. महिन्यातला शेवटचा गुरुवार. लोक अशा गोष्टीत अमावस्या घालतात, मी घालणार नाही. चंद्र चांगला अर्धा होता आणि रस्त्यावरचे सगळे दिवे लागलेले होते.

संध्याकाळी ती चपला घालून माझ्यासमोर उभी राहिली. म्हणाली, "काका, लॅबमध्ये सोडता का? रात्रभर लागेल."

"रात्रभर काय करणार आहेस?"

"एक फ्लास्क आहे. तो संपवायचाय."

"जेवलीस?"

"हो."

जेवली नव्हती. तेवढं एक खोटं ती त्या दिवसांत बोलायची.

नवरा जाऊन दीडेक महिना झाला होता. सगळं घर तिच्या रडण्याची वाट बघत होतं. ती रडत नव्हती. उठायची, आंघोळ करायची, चादरीच्या घड्या घालायची, विचारलं तेवढं बोलायची. शेजारच्या बायका येऊन म्हणायच्या, "रड गं बाई, मोकळी हो." ती "हो" म्हणायची आणि त्यांनाच पाणी आणून द्यायची. मला एकदा म्हणाली, "काका, दाताच्या डॉक्टरनं इंजेक्शन दिल्यावर गाल होतो ना, तसं सगळं आहे. हात लावला तर लागतो. आपला वाटत नाही."

जावई तिच्याच लॅबमध्ये, तिच्याच टेबलावर कामाला होता. सगळे त्याला गोगलगाय म्हणायचे, तोंडावर. तो हसायचा. चहासुद्धा असा प्यायचा की कपाला कंटाळा यावा.

आता त्या कामाचं थोडं सांगतो, नाहीतर पुढचं डोक्यावरून जाईल. मला तिनंच समजावलं होतं. टिपकागदावर काळ्या शाईचा ठिपका काढला आणि कागदाचं टोक पाण्यात बुडवलं. पाणी वर चढत गेलं तसा काळ्यातून निळा निघाला, जांभळा निघाला, पिवळा निघाला. मी म्हटलं, ही जादू पोरांना दाखव. ती म्हणाली, "काका, मला याचाच पगार मिळतो."

लॅबमध्ये कागदाऐवजी काचेची उभी नळी असते. हातभर लांब, अंगठा जेमतेम शिरेल एवढी रुंद. तिला ते कॉलम म्हणतात. खाली तोटी. आत पांढरी बारीक पावडर ओली करून बसवायची. तिच्यावर आपला माल घालायचा, मालावर बोटभर धुतलेली वाळू, म्हणजे वरून ओतताना खालचं काही उसकटू नये. मग वरून औषधी पाणी ओतत राहायचं. सॉल्व्हंट म्हणतात त्याला, वास डोक्यात जातो. ते खाली उतरताना मालाला घेऊन जातं. मालात दोन पदार्थ असले तर एक पावडरीला जास्त चिकटतो आणि मागे राहतो, दुसरा पुढे जातो. झाले वेगळे. खाली टेस्टट्यूब बदलत जायच्या आणि एकेकाला धरायचं.

ऐकायला सोपं आहे. पण पावडरीत एक बुडबुडा राहिला तर पाणी तिथून पळवाट काढतं आणि दोघं तिरपे होऊन एकमेकांत मिसळतात. घाई केली तरी मिसळतात. फार रेंगाळलं तर आपापले पसरत जातात आणि तरी मिसळतात. आणि वरचं पाणी संपून पावडर उघडी पडली, तर तिला भेग जाते आणि सगळा माल वाया. कॉलम कोरडा पडू द्यायचा नाही, हे जावई इतक्या वेळा बोलायचा की आम्ही घरात पाण्याच्या माठाला तेच म्हणायचो.

नळी भरताना तो रबराच्या नळीच्या तुकड्यानं तिला बाहेरून हलके ठोके द्यायचा. चहूबाजूंनी, खालून वर, पुन्हा खालून. अर्धा दिवस. तुमची आत्या दहा ठोके द्यायची आणि पुढच्या कामाला लागायची. यावरून दोघांची रोज जुंपायची. ती वरून जास्त ओतायला लागली की तो भांड्याच्या तोंडावर अंगठा ठेवायचा. बोलायचा नाही. अंगठा ठेवला म्हणजे बास. त्या अंगठ्यावर आडवी खूण होती, काच कापल्याची.

कुठल्याशा झाडाच्या सालीतून दोघांनी दोन वर्षं खपून एक फ्लास्क काढला होता. तपकिरी, काकवीसारखा. त्यात औषध होतं आणि औषधाला चिकटून एक विष होतं. वेगळं झालं तर त्या कामावर जावयाचं नाव. नाही झालं तर तपकिरी चिकट पाणी. दुसरा फ्लास्क नव्हता.

त्याच्या शेवटच्या दिवशी त्यावरूनच वाजलं. तिला त्या दिवशीच करून टाकायचं होतं. तो म्हणाला, आधी साधी शाई घालून नळी नीट बसली का बघू. ती म्हणाली, "उगाच गोगलगाय म्हणत नाहीत तुला. बस घासत. मी चालले." आणि बसनं घरी आली. तो उशिरा स्कूटरवरून निघाला. पुढे ट्रक उभा होता, मागचा दिवा नसलेला.

अंगात लॅबचा कोट होता. रबराचा तुकडा कोटाच्या खिशात होता. सगळं त्याच्याबरोबर गेलं.

मग त्या गुरुवारी तिच्या नव्या साहेबांनी तिला बोलावलं. माणूस वाईट नव्हता. म्हणाला, "मॅडम, उद्या सकाळी मशीनवाले येतायत. ते टेबल मोकळं लागेल. सालीचं काम तर बंदच झालंय. लेबल नसलेलं सगळं ड्रममध्ये टाकू."

ती म्हणाली, "बरं."

तर अशी ती रात्र.

लॅबची इमारत दुमजली. वर जायला एकच जिना, खाली एकच दार. वॉचमननं रजिस्टर पुढे केलं आणि मला म्हणाला, "मामा, तुम्ही पण वर जाणार की आमच्यासारखे थंडीत मरणार?"

"मी मरतो," म्हटलं. "मला त्या वासानं शिंका येतात."

दोघं जिन्याच्या तोंडाशी खुर्च्या टाकून बसलो. तुमची आत्या एकटी वर गेली.

वर लांबलचक खोली. एका टोकाला त्यांचं टेबल, दुसऱ्या टोकाला धुण्याचं बेसिन. टेबलाशी दोन स्टुलं. एक तिचं. दुसरं त्याचं, एक पाय आखूड असलेलं. रिकामं असलं की ते मागे कललेलं असायचं. त्यावर कुणी बसलं की आखूड पाय फरशीला लागायचा. टक.

तिनं कोट घातला. नळी उभी केली. पावडर कालवली, ओतली. पेन्सिलीनं दहा ठोके दिले. सवयच ती. बुडबुडे तिला दिसले. दिसले आणि तिनं सोडून दिले. काही वाटलं नाही म्हणाली. पावडर कुठवर आली ते बघून तिनं काचेवर पेनानं रेघ मारली आणि भांडं घेऊन बेसिनवर धुवायला गेली.

नळ चालू होता. पाण्याच्या आवाजात तिला आधी वाटलं, पाइप वाजतोय.

तिनं नळ बंद केला.

टप… टप… टप…

रबर काचेवर आपटल्यावर होतो तसला आवाज. मऊ. खालून वर जाणारा. वर गेला की थोडा थांबायचा. मग पुन्हा खालून.

ती वळली नाही. भांडं हातात धरून भिंतीकडे बघत उभी राहिली. किती वेळ, ते तिला सांगता आलं नाही. हात मात्र वाळून कोरडे झाले होते.

आवाज थांबला तेव्हा ती टेबलाशी आली. टेबलाशी कुणी नव्हतं. पावडर रेघेच्या दोन बोटं खाली बसली होती. वरून सपाट. बुडबुडा एकही नाही.

मी विचारलं, "तेव्हा खाली पळत का नाही आलीस?"

ती म्हणाली, "मला वाटलं, बरं झालं. आता माल घालता येईल."

बघा. असं झालं होतं तिचं.

तिनं फ्लास्क उघडला. सगळी काकवी नळीत सोडली, मागे थेंब ठेवला नाही. वर वाळू घातली, वर सॉल्व्हंट. खाली तोटी उघडली, पूर्ण. घाईची सवय. धार लागली. आपल्या स्टुलावर बसली, एक ट्यूब बदलली, दुसरी बदलली. दिवसभर पोटात काही नव्हतं. महिनाभर नीट झोप नव्हती. डोकं टेबलावर कधी टेकलं ते तिला कळलं नाही.

आम्ही खाली होतो. वॉचमन त्याच्या सासऱ्याच्या म्हशीची लांबलचक हकीकत सांगत होता. मध्येच थांबला आणि वर बघून म्हणाला, "मॅडमबरोबर कुणी आहे का हो?"

म्हटलं, "नाही. का?"

"स्टूल सरकवल्यासारखं वाटलं."

"तीच असेल."

"दोन वाजली हो," तो म्हणाला. "दोन स्टुलं." मग पुढे म्हशीचं काही बोलला नाही.

ती जागी झाली ती शांततेनं. धारेचा आवाज बंद होता. तिला आधी तेच कळलं. पूर्ण तोटी उघडी आणि आपण झोपलो, म्हणजे केव्हाच कोरडा पडला. गेलं सगळं. तिनं डोकं उचललं नाही. कपाळ टेबलाला लावून तशीच राहिली. म्हणाली, "काका, तेव्हा मला पहिल्यांदा काहीतरी दुखल्यासारखं झालं. इंजेक्शन उतरताना होतं तसं."

मग ऐकू आलं.

टिप.

थांबून, टिप.

तोटी कुणीतरी कमी केली होती. थेंब थेंब. सावकाश. तो लावायचा तशी. वाळूच्या वर वीतभर सॉल्व्हंट उभं होतं. टेबलावरचं भांडं, तिनं भरून ठेवलेलं, अर्ध्यावर आलं होतं. भरलेल्या ट्यूबा स्टँडवर ओळीनं लावलेल्या होत्या. नळीखाली नवी ट्यूब.

तिनं स्टुलाकडे बघितलं नाही. दिवा घालवायला उठली. माल नळीत कुठे आहे ते अंधारातच कळतं, जांभळ्या उजेडाच्या टॉर्चनं. त्या उजेडात पदार्थ चमकतात. आणि एक गोष्ट तिनं मला आधी कधीतरी सांगितली होती. त्या उजेडात पांढरं कापडही चमकतं. धुण्याच्या पावडरीमुळे. माणसाची कातडी चमकत नाही.

तिनं दिवा घालवला.

टॉर्च लावला.

नळीत खाली निळा पट्टा. त्याच्या वर पिवळा. सरळ. ताटलीसारखे सपाट. पण अजून एकमेकांना टेकलेले. निळ्याची वरची कड पिवळ्यात…

आणि नळीच्या मागे…

बाही.

कोटाची पांढरी बाही. निळसर चमकणारी. टेबलावर टेकवलेली. तोटीपर्यंत आलेली.

बाहीच्या पुढे काही नाही. काळोख.

तिचा कोट तिच्या अंगात होता. त्याचा…

ती ओरडली नाही. टॉर्च हलू दिला नाही. वर केला नाही. वर केला असता तर कॉलर दिसली असती. कॉलरीच्या वर… नको म्हणाली. मी वर केला नाही, काका.

तिनं विचारलं, "तोटी एवढीच ठेवू?"

…

टिप.

…

टिप.

"मी त्या दिवशी थांबायला हवं होतं."

…

टक. स्टुलाचा पाय.

ती बसली. अंधारातच. टॉर्च नळीवर धरून. वाळूवरचं पाणी कमी झालं की कडेनं ओतायची. ट्यूब भरली की बदलायची. घाई केली नाही. जन्मात पहिल्यांदा. निळा खाली सरकत गेला. पिवळा मागे राहिला. दोघांच्या मध्ये एक काळी रेघ पडली. दोऱ्याएवढी. मग बोटाएवढी. मग रुंद, कोरी. दोन वर्षं जे जमलं नव्हतं ते समोर होत होतं, आणि पलीकडे बाही होती, आणि दोघं बघत होते.

निळा आला. तिनं तो धरला.

मग नुसतं स्वच्छ.

मग पिवळा आला. तोही धरला.

संपलं. नळीत आता काही नव्हतं. पांढरी पावडर, वर वाळू. काम संपलं.

ती ओततच राहिली.

"कशाला गं?" मी गाडीत विचारलं.

"तो बसला होता," ती म्हणाली. "कॉलम चालू होता तोवर तो बसला होता."

रिकाम्या नळीतून स्वच्छ सॉल्व्हंट. खाली स्वच्छ ट्यूबा. एकामागून एक. काही न धरणाऱ्या. खिडकी उजळायला लागली. बाही फिकी होत चालली… उजेडात टॉर्च चालत नाही. तिनं बाटलीतलं शेवटचं भांड्यात घेतलं. भांडं नळीवर नेलं. तिरपं केलं.

पडेना.

भांडं भरलेलं. तिरपं. एक थेंब खाली येईना. तोंडावर कुणी…

बोटांना गार लागलं.

"थांब," ती म्हणाली.

…

टक.

स्टूल मागे कललं.

मग भांड्यातून सॉल्व्हंट आलं आणि तिच्या हातावरून टेबलावर सांडलं. नळीखालची तोटी बंद होती. वाळूच्या वर वीतभर पाणी उभं होतं. कोरडा पडू दिला नव्हता.

ती खाली आली तेव्हा वॉचमन पेंगत होता. मी जागा होतो. ती गाडीत बसली, दोन बाटल्या मांडीवर आणि ती नळी फडक्यात गुंडाळून कुशीत उभी धरलेली, वर बूच लावून. म्हणाली, "झालं वेगळं, काका."

घरी येईपर्यंत सगळं सांगितलं. रडली नाही. दारात उतरल्यावर म्हणाली, "भूक लागलीय." तिच्या काकूनं चूल… गॅस पेटवला. इतकंच.

बाटल्या तिनं त्याच दिवशी साहेबांना दिल्या. दोन्हींवर त्याचं नाव घालून. साहेबांनी तपासल्या, पुन्हा तपासल्या, आणि सालीचं काम परत चालू केलं. मशीनही आलं. तेही चांगलं चालतं म्हणे, मला काय करायचंय.

ती नळी मात्र तिनं लॅबमध्ये ठेवली नाही. पलीकडच्या खोलीत कपाटाशेजारी उभी आहे. तुम्ही बघितली आहे, हात लावू देत नाही तीच. पाणी कमी झालं की ती बूच काढते आणि कडेनं, थेंब थेंब, सॉल्व्हंट सोडते. अर्धा अर्धा तास. घरभर वास येतो. मी बोलतो, ती ऐकत नाही.

उजेडात नीट बघा एकदा. लांबून. आत पावडरीवर ती वाळू आहे. तोंडापासून वीतभर खाली, पाण्यात. एवढ्या अरुंद नळीत तिथवर हात जात नाही, लहान मुलाचाही नाही. त्या वाळूवर अंगठा दाबलेला आहे. खोल. रेषा दिसतात. आणि मधून आडवी खूण गेलेली आहे. वर्ष झालं, वरून पाणी पडतं, नळी तीनदा जागेवरून हलवली. वाळूचा कण सरकलेला नाही.

कुणी म्हणेल, म्हाताऱ्यानं काठी घालून केलं. पोरीनं रडावं म्हणून. म्हणेल कशाला, म्हटलंच आहे, चारचौघांत, जेवताना, हात धुवायच्या आत. मी रात्रभर जिन्याच्या तोंडाशी होतो म्हणून आळ माझ्यावर. हा बघा माझा अंगठा. धरा, बघा, खूण आहे का कुठे? तो वॉचमन साक्षीला होता, त्यालाही विचारलं नाही. त्या म्हणणाऱ्याला नळीजवळ जाऊन एकदा वाकून बघायला सांगितलं, तर म्हणाला, मला चष्मा सापडत नाही. वर्षभर सापडत नाही चष्मा. आत्ताही तो बाहेर खुर्ची टाकून बसलाय आणि दाराआडून सगळं ऐकतोय, मला खोकला ऐकू येतो त्याचा. पोरीचा सख्खा बाप, माझा धाकटा भाऊ, तुमचा आजोबा. शहाण्या.